ह्यांना वाचवा

गेल्या रविवारी माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नसतं, तर हा सगळा घोळ झालाच नसता.

वाक्य साधंच होतं. माझा मुलगा हितेश माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला खाली काढत होता. मी म्हटलं, "अरे, द्यायच्या आधी एकदा चालू करून तरी बघ."

आता तो चालू झाल्यावर मला काय करायचं होतं? काही नाही. पण आम्हा दिवाळे कोळीवाड्यातल्या बायकांची ही खोडच. विकायची मासळी असो की टाकायची वस्तू, एकदा कल्ले उघडून बघितल्याशिवाय हातातून सोडवत नाही. अठरा वर्षं तो माळ्यावर पडलेला. त्याचा टीव्ही म्हणजे पाठीला कुबड आलेला म्हातारा. मला वाटलं, नाहीच चालायचा, आणि मग मी म्हणेन, "बघ, गेला बिचारा," आणि विषय संपेल.

पण तो चालू झाला. आधी खोकला, मग घरघरला, आणि मग होडीचं मशीन थंडीत पहिल्यांदा धरतं तसा धडधडायला लागला. मी आपली मागच्या दारी बोंबील साफ करायला बसले. सून भाविका माहेरी खांदेश्वरला गेलेली, तेव्हा घरात आम्ही तिघंच. मी, हितेश आणि माझी बारा वर्षांची नात रुतिका.

थोड्या वेळाने रुतिकाची हाक आली. "आजी, लवकर ये. आजोबांचा बॉट अजून आहे."

माझ्या हातातला बोंबील पडला. ह्यांची बोट? ह्यांना जाऊन वर्ष व्हायच्या आत ती बोट मी स्वतः जेट्टीवर उभी राहून करंजाच्या माणसाला दिली होती. दहा वर्षं झाली त्याला.

"कोनी आनली?" मी बसल्या जागेवरून विचारलं. "करंजावाला परत घेऊन आला काय?"

"कोण करंजावाला? पप्पा, आजी काय बोलते बघा."

"जेट्टीला लागली हाय काय?"

"जेट्टीला नाही गं. डब्यांच्या मागे लपलाय."

"डब्यांच्या मागं कशी लपंल? तेहतीस फुटी हाय ती."

"आजी, बोट नाही. बॉट."

"तेच बोलते ना मी."

तोवर मी हात धुवून चपला घातल्या होत्या, आणि भिंतीपलीकडच्या वेणूबाईला सांगूनही टाकलं होतं, "वेणू, ह्यांची बोट आली म्हनं." वेणूबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण बातमीमागे धावण्यात तिचे पाय सोळा वर्षांचे. मी पदर खोचेपर्यंत ती जेट्टीच्या वाटेला लागलीसुद्धा.

मी मात्र आत गेले, आणि बरं झालं गेले. रुतिकाने मला खुर्चीवर बसवून समजावलं.

तो बंदुकीचा खेळ होता. बंदूक आपल्याच हातात असते, पण आपण स्वतःला दिसत नाही, नुसतं बंदुकीचं टोक समोर हलत असतं. पाच माणसं इकडची, पाच तिकडची. खेळायला माणसं कमी पडली तर कॉम्प्युटर आपल्या पदरची देतो. त्या माणसाला बॉट म्हणायचं. तो आपला आपण चालतो, पळतो, गोळ्या मारतो, आणि त्याला आपण ठेवू ते नाव. हितेशने आणि वेणूबाईच्या दिपेशने अठरा वर्षांपूर्वी त्यातल्या एका बॉटला ह्यांचं नाव ठेवलं होतं.

(ते नाव मी इथे घेत नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पुढे एके ठिकाणी येईल, पण का आलं तेही कळेल.)

म्हणजे ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि ते त्या डब्यात अजून बंदूक घेऊन फिरत होते.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला वेगळीच धडकी भरली. कारण ते साल मला पाठ आहे. त्या साली हितेश वीस वर्षांचा होता, आणि त्याचा आणि ह्यांचा सात महिने अबोला होता. ह्यांचं म्हणणं, होडीवर ये. हितेशचं म्हणणं, मला कॉम्प्युटरची नोकरी करायची. एका घरात, एका ताटलीतली चटणी खाऊन, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि नेमक्या त्याच सात महिन्यांत पोराने बंदुकीच्या खेळात बापाचं नाव घातलं होतं. कशाला? बंदुकीच्या खेळात माणसाचं एकच काम असतं, मरायचं.

मी हितेशकडे बघितलं. त्याने पडद्यावर ते नाव बघितलं आणि म्हणाला, "मी चहा टाकतो."

ह्याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्या माणसाने घरात गॅस पेटवल्याचं मी बघितलं नव्हतं. माझी खात्री झाली, ह्याच्या मनात काहीतरी आहे. सरळ विचारावं तर धीर होईना. उत्तर वाईट निघालं तर मी ते कुठे ठेवू? ह्यांच्या फोटोमागे?

"रुतिका," मी म्हटलं, "तू खेळ. पन ह्यांच्या बाजूनं."

"मग काय, आजोबांना मारणार आहे का मी?" ती म्हणाली, आणि खेळ सुरू झाला.

पहिलीच अडचण अशी, की सगळे एकसारखे. एकच टोपी, एकच जाकीट, तोंडाला फडकं. सोसायटीच्या वॉचमनसारखे. नाव बघायचं तर बंदुकीचं टोक त्या माणसावर नेऊन धरायचं, मग नाव उमटतं. तेवढ्यात पडद्यावर गोळ्या सुटल्या.

"ह्यांना वाचव," मी म्हटलं.

"कोणाला?"

"ह्यांना."

"आजी, सगळे सेम दिसतात. कुठल्या ह्यांना?"

"ह्यांना म्हनजे ह्यांना. मना दुसरे कोन हायत?"

"नाव सांग ना."

"नाव कसं सांगू?"

"गेले," रुतिका म्हणाली.

डाव संपला की मेलेले सगळे परत उठून उभे. ही सोय मला फार आवडली. दुसऱ्या डावात मी रुतिकाला विचारून आधीच ह्यांना हेरून ठेवलं. बाकीचे पळाले, हे मात्र एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे. (हे अगदी हुबेहूब होतं. रागावले की असेच उभे राहायचे.) मागून कोणीतरी एक आला आणि सरळ डोक्यात गोळी घालून गेला. तिसऱ्या डावात तोच. चौथ्यात तोच.

तोच हे मला कसं कळलं, ते सांगते. मला वाचता येत नाही, पण डोळे फुटलेले नाहीत. कोणी मेला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ येते. डावीकडे मारणाऱ्याचं नाव, मध्ये बंदुकीचं चित्र, उजवीकडे मेलेल्याचं. ह्यांचं नाव उजवीकडे इतक्या वेळा आलं की मला ते इंग्रजीत पाठ झालं. पहिलं अक्षर म्हणजे एक पाय पुढे टाकून उभा राहिलेला माणूस. मग भाकरी. मग शिडीची एक पायरी. असं करत करत शेवटी गळ. एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण ह्यांचं नाव कसं दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आणि दर वेळी ते मेल्यावरच दिसायचं.

आणि डावीकडे दर वेळी तेच दुसरं नाव. आधी दोन डोंगर, मग तंबू, मग नुसती काठी, आणि सगळ्यात शेवटी परत तंबू.

"हा दोन डोंगरवाला मुडदा ह्यांच्याच मागं का लागलाय?" मी विचारलं.

रुतिकाने वाचलं आणि ओठ दाबले. "असेल कोणीतरी. आजी, तू नाव सांगितलं असतंस तर वाचवले असते मी."

आता ह्यातून वाट काय? आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची एकच रीत. उखाण्यात. पुढच्या डावात दोन डोंगरवाला शिडीवरून उतरताना दिसला, तसा मी उखाणा सुरू केला:

"खाडीला आली भरती, पान्याला चढला तोरा..."

"आजी, लवकर."

"थांब ना, नाव दुसऱ्या ओळीत हाय."

नाव यायच्या आत ह्यांचा निकाल लागला होता. उखाणा करणाऱ्यांनी बंदुकीचा विचारच केलेला नाही. हळदीला, मंगळागौरीला ठीक आहे, तिथे नवरा नाव येईपर्यंत टिकतो.

त्याच्या पुढच्या डावात काय झालं ते माझं मलाच नीट कळलं नाही. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. तो मागून येत होता, घाई नाही, गडबड नाही, जसं काही घरातलंच माणूस. आणि मला आठवलं, ह्यांना अटॅक आला तेव्हा हे ओट्यावर माझ्याकडे पाठ करून जाळं शिवत होते. मी दारातूनच दोनदा म्हटलं, "अहो. अहो." त्यांना वाटलं असेल, बोलतेय आपली नेहमीसारखी. नावाने हाक मारली असती तर दचकून तरी वळले असते.

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "रोहिदास, मागं बघा!"

आळी गप्प झाली असावी. निदान आमचं घर झालं. स्वयंपाकघरात कप आपटल्याचा आवाज आला. रुतिकाने वळून गोळी झाडली, पण उशीर झाला होता. वरच्या कोपऱ्यात परत तीच ओळ. दोन डोंगर, बंदूक, एक पाय पुढे टाकलेला माणूस.

आणि दारात वेणूबाई उभी होती. जेट्टीवरून आलेली, घामाने निथळत.

"मी तिकडं उन्हात बोट शोधते," ती म्हणाली, "आनि ही इकडं नवऱ्याला नावानं हाका मारते. तेपन तो गेल्यावर. जिवंत होता तवा तोंडात काय मिठाची गुळनी धरलेलीस?"

"वेणू, बस खाली. आदी ह्यो मुडदा कोन हाय ते बघू दे," मी म्हटलं. मला आता लाज राहिली नव्हती. "रुतिका, वाच. कोन हाय ह्यो दोन डोंगर?"

"आजी, सोड ना."

"रुतिका, बंद कर तो," हितेश आतून म्हणाला.

"नाय बंद करायचा. वाच."

रुतिकाने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, मैना लिहिलंय. ती तू आहेस."

सही मी मराठीत करते. माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मला कोणी दाखवलं नव्हतं. अर्धा तास मी ज्याच्या सात पिढ्या उद्धरत होते, त्या माझ्याच निघाल्या.

वेणूबाई दाराला धरून जी हसायला लागली, ती खाली बसली. मग तिला शंका आली. "मी पन हाय काय गं त्यात?"

"आहात ना. सगळ्या आया तिकडे, सगळे बाबा इकडे. तुम्ही मारण्यात दुसऱ्या नंबरवर आहात."

"दुसऱ्या कशी?" वेणूबाई म्हणाली. हसणं थांबलं तिचं.

हितेश चहा घेऊन आला. चार कपांत तीन कपांचा चहा, पण आणला. दारातच उभा राहिला, आणि मान खाली घालून सांगायला लागला. त्या वेळी आळीतली पोरं एकमेकांना बापाच्या नावाने चिडवायची. ह्याला म्हणायची "ए रोहिदास", दिपेशला म्हणायची "ए पोपट". म्हणून खेळात बापांची नावं घातली. मग समोरच्या टीमला नावं हवीत, म्हणून आयांची घातली. खेळात प्रत्येकाला हुशारी लावता येते, सोपी नाहीतर कडक. बापांना सोपी लावली, आयांना कडक.

"आनि तू?" मी विचारलं. सात महिन्यांचा प्रश्न होता तो, अठरा वर्षं आंबलेला. "तू कुठल्या बाजूनं खेळायचास?"

"बाबांच्या," तो म्हणाला. जशी काही ही विचारायची गोष्टच नव्हती. "घरी बोलत नव्हते ना माझ्याशी. इथं तरी माझ्या बाजूनं होते. मी पुढं जायचो आनि ते मागनं यायचे. एकदोनदा वाचवलं पन त्यांनी मला."

मी चहाचा घोट घेतला. साखर नव्हती. बोलले नाही.

"मग मना कडक का लावलंस?"

हितेशने वेणूबाईकडे बघितलं, म्हणजे बोलायचं होतं पण पाहुणीसमोर नको होतं. वेणूबाई कशी उठते? ती अजून सरसावून बसली.

"आये," तो म्हणाला, "बाबा आनि मी एकमेकांना कवाच वाईट नाय बोललो. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी आमी दोघांनी बसून सगळं ताडून बघितलं. जे लागलं ना आमाला, ते सगळं तुझ्या तोंडून आलेलं."

आता मला तुमच्याशी खरं बोलायला हवं. त्या सात महिन्यांत निरोप्याचं काम मी केलं. हे म्हणायचे, "त्याला सांग, जेवून घे." मी आत जाऊन सांगायची, "बापूस बोलतात, दुसरं काय जमत नसंल तर निदान जेव." हितेश म्हणायचा, "बाबांना सांग, उद्या मी इंटरव्ह्यूला जातो." मी ओट्यावर जाऊन सांगायची, "पोर बोलतो, मासळीच्या वासात मना नाय राहायचं." वाईट मनाने नाही. मला वाटायचं, साध्या निरोपाने दोघं ढिम्म हलत नाहीत, जरा फोडणी घालावी. एकदा ठसका लागला की दोघं उठून येतील, भांडतील, आणि भांडले की बोलले. पण ठसका लागून दोघं आपापल्या दाराने बाहेर जायचे, आणि मी चूल धरून विचार करायची, ह्या दोघांना झालंय तरी काय.

शेवटी एके दिवशी दारातून जाताना ह्यांनी पोराला सरळ म्हटलं, "टोपी घाल, ऊन हाय." आणि अबोला संपला. मी त्या दिवशी बाजारात होते. इतकी वर्षं मला हळहळ वाटायची, की बापलेक बोलले तेव्हा नेमकी मी घरी नव्हते. आता कळलं, मी घरी नव्हते म्हणूनच बोलले.

कॉम्प्युटर आपला धडधडत होता, आणि आत मैनाबाई ह्यांना शोधत फिरत होती.

"हितेश," मी म्हटलं, "मना तिकडून काढ. ह्यांच्या बाजूला घाल."

"आये, खेळ हाय तो."

"म्हनूनच जमंल. घाल."

त्याने रुतिकाला उठवलं आणि स्वतः बसला. अठरा वर्षांनी बसला, पण बोटं विसरली नव्हती. माझं नाव तिकडून उचलून इकडे आणलं. मग काय वाटलं कोण जाणे, उठून माळ्यावरून दोन धुळकट स्पीकर काढले आणि जोडले. म्हणाला, "इकडची माणसं एकमेकांशी बोलतात. तू कवा ऐकलं नाय."

मी पदर सारखा केला. वेणूबाईनेही केला, तिला काय झालं होतं कोण जाणे.

डाव सुरू झाला. एका खोलीतून दारातून बाहेर पडायचं होतं. ह्यांचं नाव मला आता वाचता येत होतं, आणि माझंही. दोन्ही नावं दारात शेजारी शेजारी आली. किती वर्षांनी. हे पुढे व्हायला बघत होते, पण मी दारातच उभी होते. हे डावीकडे सरकले, मी डावीकडे. हे उजवीकडे, मी उजवीकडे. मागे सगळी आळी खोळंबली. तेवढ्यात स्पीकरमधून एक पुरुषी आवाज इंग्रजीत काहीतरी बोलला, आणि लगेच दुसऱ्याने एका शब्दात त्याला उत्तर दिलं.

"काय बोलले?" मी विचारलं.

"आजोबा बोलले, माझ्या मागून या."

"आनि मी?"

रुतिकाने हितेशकडे बघितलं.

"तू बोललीस, नाय," हितेश म्हणाला. आणि मग घाईघाईने, "आये, पन हे मी नाय घातलेलं हां. हे ती आपलं आपन बोलते."